खर्ज माझाच होता

मित्रांनो, आधीच सांगून ठेवते. मी एक जुनी इलेक्ट्रिक गिटार आहे, पण बिचारी नाही. माझ्या अंगावरचा लाल रंग पोपडे धरून सुटला आहे, एक खुंटी दुसऱ्याच कुठल्या वाद्याची बसवलेली आहे आणि मान थोडी वाकली आहे. ती वयाने वाकली. कोणापुढे वाकवली नाही.

माझा जन्म पोलंडच्या नैर्ऋत्येकडच्या एका कारखान्यात झाला. लाकूड नीट वाळायच्या आधीच मला कापलं, रंगवलं आणि तपासणाऱ्या माणसाने माझ्या पाठीवर ‘दुय्यम’ असा शिक्का मारला. मग मी वूच शहरातल्या एका दुकानात बराच काळ भिंतीला टेकून उभी होते. येणारे लोक मला उचलत, शिक्का बघत आणि परत ठेवून देत.

बोग्नाने शिक्का बघितलाच नाही. ती कापडगिरणीत कामाला होती, अंगाने काटकुळी, आवाज मात्र असा की यंत्रांच्या खडखडाटातही पलीकडच्या रांगेतल्या बाईला हाक ऐकू जावी. आपला हिवाळी कोट विकून तिने मला घेतलं आणि तो सबंध हिवाळा आईची शाल गुंडाळून ती कामावर गेली. आई रोज ओरडायची, “गिटार पांघरून जा आता!”

गिरणीच्या कलाभवनात बायकांचा एक बँड होता. बोग्ना गायची आणि मला वाजवायची. बेस गिटार वाजवायची काझिया. ही बोग्नापेक्षा बरीच मोठी, रुंद खांद्यांची विणकरीण. बोलणं कमी आणि बोललीच तर टोचून. बेस, ढोल, ध्वनिवर्धक, सगळं गिरणीच्या मालकीचं होतं. एकटी मी बोग्नाची होते. हे नीट लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं त्यावरच घडलं.

विणकामाच्या सहा नंबर हॉलच्या खिडक्यांना खिळे ठोकलेले होते. हवा दमट राहिली की धागा तुटत नाही, म्हणून. धागा तुटत नसे, पण उन्हाळ्यात बायका चक्कर येऊन पडत. काझियाच्या शेजारच्या मागावरची बाई अशीच पडली आणि तिचं कपाळ लोखंडावर आपटून फुटलं. त्या आठवड्यात काझियाने चार ओळी जुळवल्या आणि बोग्नाने त्यांना चाल लावली:

*खिडकीला खिळे, छातीला खिळे,*
*श्वास तरी आमचा, की तोही तुमचा?*

कलाभवनाचे डायरेक्टर होते गोंशोरसाहेब. गोंशोर म्हणजे आमच्याकडे नर हंस, आणि साहेबांची चालही तशीच होती, मान पुढे काढून. त्यांनी सरावाला बसून गाणं ऐकलं आणि म्हणाले, “चाल छान आहे. ते खिळ्यांचं तेवढं काढा.”

“खिळे आम्ही ठोकले नाहीत, साहेब,” काझिया म्हणाली. “ज्यांनी ठोकले त्यांना सांगा काढायला.”

दुसऱ्या दिवशी कोठीच्या दाराला मोठं कुलूप लागलं. बेस आत, ढोल आत, ध्वनिवर्धक आत. किल्ली साहेबांच्या कोटाच्या खिशात. मला खांद्याला लावून बोग्ना त्यांच्यासमोर उभी राहिली, तेव्हा ते माझ्याकडे बोट दाखवून हसले.

“हिच्यावर बँड काढणार? अहो, खर्जच नाही तर गाणं उभं कशावर राहणार? खुर्च्या सरकवून घुर्र-घुर्र करणार का?”

मित्रांनो, मला राग आला. दुकानात भिंतीला टेकून उभी होते तेव्हाही इतका आला नव्हता.

बँडमधल्या बाकीच्या दोघी घाबरल्या. लेकुरवाळ्या होत्या, त्यांना मी दोष देत नाही. उरल्या बोग्ना आणि काझिया. बोग्ना म्हणाली, “घरी रेकॉर्ड करू.” काझिया म्हणाली, “कशाने? तुझ्या या खेळण्याने?” आणि तिने मला हातसुद्धा लावला नाही. बेस गेल्यापासून ती कोणाशीच धड बोलत नव्हती. एवढी वर्षं ती गिरणीत नुसती एक विणकरीण होती. बेस हातात आला की तेवढीच ती काझिया व्हायची.

बोग्नाच्या खालच्या मजल्यावर लेओकादियाबाई राहायच्या. विधवा, पोस्टातून निवृत्त झालेल्या, ऑपेरेटाचं, म्हणजे हलक्याफुलक्या संगीतनाटकांचं, वेड असलेल्या. रेडिओवरून ऑपेरेटा उतरवून घ्यायला त्यांनी दोन वेगांचा, मोठ्या रिळांचा टेपरेकॉर्डर ठेवला होता. रविवारी सकाळी सगळी इमारत चर्चमध्ये गेली की बोग्ना मला त्यांच्याकडे घेऊन जायची. एकदा बोग्नाने माझं वाजवणं टेपवर घेतलं आणि परत ऐकायला लेओकादियाबाईंनी कळ फिरवली, ती चुकून हळू वेगाची.

टेपमधून कोणीतरी दुसरंच बोलायला लागलं. जाड, खोल, सावकाश. कपाटातल्या बश्या किणकिणल्या.

“अगं बाई!” लेओकादियाबाई म्हणाल्या. “बिघडला वाटतं.”

बोग्ना जागची हलली नाही. “नाही, लेओकादियाबाई. हात नका लावू. हा खर्ज आहे.”

तो मीच होते, मित्रांनो. वेग निम्मा केला की माझा प्रत्येक सूर बरोबर एक सप्तक खाली उतरत होता. माझी सगळ्यात जाड तार थेट बेसच्या सगळ्यात जाड तारेच्या जागी जाऊन बसत होती. माझ्या आत एवढी खोली आहे हे मला तरी कुठे माहीत होतं?

बोग्नाने काझियाला ओढत आणून ते ऐकवलं. काझियाने हाताची घडी सोडली नाही. ऐकून म्हणाली, “आजारी गाय आहे.”

“काझिया!”

“काझिया काय? खाली उतरला म्हणून बेस होतो का? तू गिटारवालीसारखी वाजवतेस. सगळीकडे सूर, सगळीकडे कुरकुर. बेस कमी बोलतो. पाय कुठे ठेवायचा तेवढंच सांगतो आणि गप्प बसतो. आणि हा सूर बघ, संपतच नाही. ओल्या चादरीसारखा लोंबतोय.”

“मग तू वाजव.”

काझियाने हात पुढे केला. “दे इकडे ते खेळणं.”

तिच्या हातात मी एवढीशी होते. तिने आधी माझी सगळ्यात जाड तार अंगठ्याच्या मांसल भागाने दाबून ओढली आणि तार छेडायची नखी टेबलावर फेकून दिली. मग ती स्वयंपाकघरात गेली, भांडी घासायच्या स्पंजाचा तुकडा कापून आणला आणि माझ्या तारांखाली, त्या जिथे टेकतात त्या घोडीजवळ, खोचला. तार वाजली की ठप्प करून थांबायला लागली. तारांचा आवाज टिपणारा मानेच्या बाजूचा चुंबक तेवढा चालू ठेवून तिने वरच्या चमकत्या सुरांची कळ पूर्ण बंद केली. मला गुदमरल्यासारखं झालं. आरशासारखं चमकायला शिकलेली मी, आणि ही माझ्यावर ओली माती थापतेय. पण टेप हळू लावून ऐकलं तेव्हा त्या मातीत मूळ धरलेलं होतं. सूर गोल, आखूड आणि वजनदार झाला होता.

आता खरी अडचण पुढे होती. सूर निम्म्या वेगाने ऐकायचा, म्हणजे वाजवायचा दुप्पट वेगाने. चर्चमधून आणखी एक टेपरेकॉर्डर आला. पाद्रीबाबा त्यावर प्रवचनं रेकॉर्ड करायचे. कशाला हवाय, हे त्यांनी विचारलं नाही. बोग्नाचं गाणं आणि माझं नेहमीचं वाजवणं आधी टेपवर घेतलं. ढोल नव्हता, म्हणून लेओकादियाबाईंनी पुठ्ठ्याची सुटकेस मांडीवर घेऊन लाकडी डावाने ठेका धरला. आयुष्यभर पत्रांवर शिक्के मारलेला हात तो. ठेका घड्याळासारखा पडला. मग ती टेप एका यंत्रावर दुप्पट वेगाने लावायची, तिच्याबरोबर काझियाने धावत खर्ज वाजवायचा आणि दोन्ही मिळून दुसऱ्या यंत्रावर उतरवायचं. ते रीळ नंतर सावकाश लावलं की गाणं आपल्या मूळ चालीवर येणार आणि खर्ज त्याच्याखाली.

दुप्पट वेगात बोग्नाचा आवाज उंदरासारखा चिरकायचा. पहिल्यांदा लेओकादियाबाई इतक्या हसल्या की सुटकेस मांडीवरून खाली पडली. काझिया हसली नाही. ती घामाघूम झाली होती. कारण मित्रांनो, वेग निम्मा केला की चूकही दुप्पट लांब होते. बोट केसभर उशिरा पडलं तरी ऐकताना खड्डाच लागतो. एक रविवार गेला, दुसरा गेला. काझियाच्या अंगठ्याला फोड आले, फुटले, पुन्हा आले.

“राहू दे गं,” बोग्ना म्हणाली. “खर्जाशिवायच ठेवू.”

“म्हणजे त्या हंसाचं खरं ठरवू?” काझिया म्हणाली. “लाव परत.”

मीही माझ्या परीने हट्टाला पेटले होते. ओल्या लाकडाची माझी मान एरवी हवेबरोबर हलते आणि सूर उतरतो. त्या दिवशी मी हलले नाही. काझिया धावली आणि मी तिच्याबरोबर धावले, आणि शेवटच्या सुरावर आम्ही दोघी एकदमच थांबलो. सावकाश लावून ऐकलं. लेओकादियाबाईंनी डोळ्यांना पदर लावावा तसा एप्रन लावला.

आठ मार्चला महिला दिन आला. त्या दिवशी गिरणीच्या खानावळीत प्रत्येक बाईला एक कार्नेशनचं फूल आणि पायमोज्यांचा जोड मिळायचा, आणि साहेबांचं भाषण. मला बोग्नाने पिशवीत घालून सोबत नेलं होतं; का, ते मला तेव्हा कळलं नाही. भाषणानंतर लावायच्या संचलनगीताच्या डब्यात तिने सकाळीच आमचं रीळ घालून ठेवलं होतं.

भाषण संपलं. साहेबांनी हात वर केला. यंत्र सुरू झालं.

आधी सुटकेसचा ठेका. मग मी, खालून, जमिनीतून आल्यासारखी. टेबलांवरच्या चहाच्या पेल्यांना कंप सुटला. आणि त्यावर बोग्ना: खिडकीला खिळे, छातीला खिळे.

साहेब पांढरे पडले. यंत्र बंद करा म्हणावं एवढंही त्यांना सुचेना. त्यांच्या डोक्यात वेगळंच शिरलं होतं. “बेस! माझ्या कोठीतून बेस चोरला यांनी!” असं ओरडत ते बाहेर धावले. परत आले तेव्हा हातात किल्ली होती आणि श्वास लागलेला.

“आहे ना जागेवर?” काझियाने विचारलं.

“मग हा कोण वाजतोय?” साहेबांनी विचारलं.

तेव्हा बोग्नाने मला पिशवीतून काढून टेबलावर उभं केलं. अजून माझ्या तारांखाली तो स्पंज होता. “ही,” ती म्हणाली.

मागच्या टेबलावरून कोणीतरी ओरडलं, “साहेबांना पाणी द्या गं, हंस कोरडा पडला!” सगळी खानावळ हसली, आणि मग हसता हसता गायला लागली. टेप संपली तरी त्या गातच होत्या.

याची किंमत द्यावी लागली. बोग्नाची नोकरी गेली. काझियासमोर कागद ठेवला, गाणं ही चूक होती असं लिहून द्या म्हणाले. तिने दिलं नाही. तिला कापूस पिंजायच्या, सगळ्यात धुळकट हॉलमध्ये टाकलं. तिचा खोकला तिथलाच आहे, तो आजतागायत गेला नाही. मी गोड शेवट सांगणार नाही. पण जूनमध्ये पहिला कडक उन्हाळा पडला तेव्हा सहा नंबरच्या बायका पकडी घेऊन आल्या आणि एका दुपारी सगळे खिळे उपटून त्यांनी खिडक्या उघडल्या. ते परत ठोकायची हिंमत कोणी केली नाही.

नंतरची वर्षं माझी कपाटावर गेली. बोग्ना शिवणकामाच्या सहकारी संस्थेत लागली, संसार झाला, पोरं झाली. माझ्या अंगावर आलुबुखाराच्या मुरंब्याच्या बरण्या ठेवत. मला वाईट वाटलं का? वाटलं. खोटं कशाला बोलू? तारा गंजल्या, मान आणखी वाकली. लेओकादियाबाई वारल्या. गिरणी बंद पडली, आता तिथे कपडे विकतात. विणत कोणी नाही.

गेल्या वर्षी बोग्नाने मला खाली काढलं आणि वाद्यं दुरुस्त करणाऱ्याकडे नेलं. त्याने माझी पाठ बघितली, शिक्का बघितला, म्हणाला, “बाई, ही एवढ्या खर्चाच्या लायकीची नाही.”

बोग्ना म्हणाली, “लायकी नाही विचारली. कधी मिळेल ते विचारलं.”

आता घरात संगणक आहे. एक कळ दाबली की माझा सूर सप्तकभर खाली उतरतो; धावायला लागत नाही. छान आहे, मी तक्रार करत नाही. पण कळ फक्त सूर उतरवते. त्याचा खर्ज करायला अजूनही अंगठाच लागतो, तारांखाली काहीतरी मऊ लागतं, आणि गप्प बसायचं कुठे हे कळणारं माणूस लागतं. ते माणूस आता सत्तरी ओलांडून खोकत खोकत चार मजले चढून येतं, कारण इमारतीची लिफ्ट दोन हिवाळे बंद आहे आणि सोसायटीचे लोक अर्जाला उत्तर देत नाहीत. त्यावर नवीन गाणं झालं आहे.

तर मित्रांनो, तुमच्या घरात माझ्यासारखी कोणी कपाटावर पडली असेल तर तिला खाली काढा. पुसा, तारा बदला, चुलीच्या धगीपासून आणि ओलीपासून लांब ठेवा. भिंतीवर शोभेला टांगू नका. आम्ही शोभेच्या नाही. आणि कोणी तुमच्या हातातलं काढून घेऊन कुलपात ठेवलं, तर जे हातात उरलं आहे त्याला आधी नीट वाजवून बघा.

काझिया दम खायला थांबली होती, आता तिने मला मांडीवर घेतलं आहे. जरा शांत बसा. रेकॉर्डिंग सुरू होतंय.