‘संगोपन’ शब्दाची चिठ्ठी

मी एक चिठ्ठी बोलतेय. प्रेमाची नव्हे, एवढं आधीच सांगते, नंतर हिरमोड नको. शब्दकोशाच्या कचेरीत लाकडी खणांमध्ये आम्ही हजारो जणी दाटीवाटीने उभ्या असतो, प्रत्येकीच्या वाट्याला एकेक शब्द. माझ्या वाट्याला ‘संगोपन’ आला.

मला लिहिलं संपादकांनी, गोल गरगरीत अक्षरात. ‘मूल सांभाळून वाढवणे, आईवडिलांनी किंवा इतर कोणी.’ पाठीवर शब्दाचं मूळ: ‘गुप्’ हा संस्कृत धातू, म्हणजे राखणे, जपणे, गुरं राखणाऱ्या ‘गोप’वरून तो आला असावा. गुराखी राखतो ती गुरं बहुतेक वेळा दुसऱ्याची असतात, याचा मला भारी अभिमान. शेजारणींना मी हे इतक्यांदा ऐकवलं की ‘संगीत’ माझ्याशी बोलेनाशी झाली.

पुढे शाळेतल्या मुलांसाठी छोटा कोश निघाला. त्याची प्रुफं तपासायला मावशी होत्या. त्यांची भाची शाळा सुटल्यावर कचेरीतच येऊन बसायची, म्हणून सगळेच त्यांना मावशी म्हणत. भाचीचे वडील तिच्या जन्माआधीच गेले, आणि ती दीड वर्षाची असताना आई, म्हणजे मावशींची बहीण, वारली. तेव्हापासून वेणीफणी, अभ्यास, आजारपण, सगळं मावशींनीच केलं.

प्रुफात माझा अर्थ एका ओळीत मावेना. दुसरी ओळ घेतली तर पुढची सगळी पानं सरकणार. मावशींनी मला शेजारी ठेवलं, प्रुफावरचं ‘किंवा इतर कोणी’ लाल पेनाने उडवलं आणि म्हणाल्या, “चला, बसलं एकदाचं!” मी हूं की चूं केलं नाही. खरं सांगू? मलाच छापून यायची घाई झाली होती. त्याची आज लाज वाटते.

गेल्या महिन्यात भाचीने कचेरीत येऊन दप्तर टेकवलं. आता ती चौथीत आहे.

“मावशी, आज शाळेत फॉर्म भरला. ‘संगोपन करणारी व्यक्ती’ असं होतं, तिथे मी रेघ मारली.”

“रेघ? अगं, माझं नाव नाही घातलंस?”

“घालणार होते. पण आधी तुझ्या कोशात बघितलं. त्यात फक्त आईवडील आहेत.”

“मग बाई काही बोलल्या नाहीत?”

“बोलल्या ना! मावशीचं लिही म्हणाल्या. मीच नाही म्हटलं.” पोरीने मान ताठ केली. “म्हटलं, माझ्या मावशीच्या पुस्तकात चूक नसते.”

मावशींनी खण ओढला, मला शोधून काढलं आणि तिच्या हातात दिलं. तिने मला दोनदा वाचलं.

“इथे तर आहे. मग हे काढलं कोणी?”

“मी,” मावशी म्हणाल्या.

मला टेबलावर ठेवून भाची खिडकीपाशी जाऊन उभी राहिली.

आता मी मावशींच्या टेबलावर, काचेखाली असते. नवी आवृत्ती निघायला अजून दोन वर्षं आहेत. तोवर तो कोश घरोघरी तसाच राहणार. मी गप्प बसले, याची माफी कोणाकडे मागू? तुमच्या घरी तो असेल तर माझ्या ओळीवर विसंबू नका. आणि एखादं लेकरू त्या रकान्यात रेघ मारताना दिसलं, तर जरा त्याचा हात धरा.