डाव्या पायाचा बूट

कबर उघडायची म्हणजे नेमकं काय करायचं, असं पाळकांनी दुसऱ्यांदा विचारलं, तेव्हा मास्तरांनीही सगळं दुसऱ्यांदा सांगितलं. मंगळवारी धाकट्या बहिणीला पुरलं. तिच्या डाव्या पायात बूट राहिला आहे. तो काढायचा आहे. नाडी ते स्वतः सोडतील, दुसऱ्या कुणाला हात लावावा लागणार नाही. पाच मिनिटांचं काम. बूट कोणत्या दिवशी तयार होईल ते गिऱ्हाइकाला सांगावं, तितक्या सरळ आवाजात ते बोलत होते.

पाळक त्यांच्या मुलाच्या वयाचे. त्यांनी समजुतीने सांगितलं, की त्याला सरकारी परवानगी लागते, डॉक्टर लागतो, पोलीस उभे राहावे लागतात, आणि बुटासाठी परवानगी कुणी देत नाही. मागे एका घरच्यांनी अंगठी राहिली म्हणून अर्ज केला होता. त्यांनाही नाही मिळाली.

"अंगठी असती तर मीही आलो नसतो," मास्तर म्हणाले.

इस्पितळाच्या मागच्या गल्लीत त्यांचं दुकान होतं. पायात व्यंग असलेल्यांचे बूट ते बनवत. एक पाय आखूड, पाऊल वाकडं, बोटं गेलेली, अशी माणसं डॉक्टरची चिठ्ठी घेऊन यायची. पाटी नव्हती, लागतही नव्हती. एकेचाळीस वर्षांपूर्वी पहिला बूट त्यांनी बहिणीसाठीच केला होता. लहानपणी तापात तिचा डावा पाय वाढायचा थांबला. बाराव्या वर्षी तो दोन इंच आखूड होता. तेव्हा हे एकोणीस वर्षांचे, एका म्हाताऱ्या कारागिराच्या हाताखाली शिकत होते. त्यांनी बुचाचे थर एकावर एक चिकटवले, वरून चामडं चढवलं, मेणाच्या दोऱ्याने शिवलं. ती तो घालून दारात उभी राहिली आणि तिचे दोन्ही खांदे पहिल्यांदा एका रेषेत आले. आईने तोंडाला पदर लावला. मास्तरांचा धंदा त्या क्षणी ठरला.

पुढे फरक पावणेतीन इंचांवर गेला आणि तिथेच थांबला. बूट सव्वा किलोचा झाला. हलका केला की चार महिन्यांत दबून बसायचा.

धाकटी इस्पितळात टेलिफोनवर होती. अर्ध्या गावाला तिचा आवाज ठाऊक, पण माणूस म्हणून ती समोर आली की लोकांची नजर सरळ खाली जायची. मग ती म्हणायची, "वर बघा, आवाज इकडून येतो." लग्न झालं नाही. त्याचं दुःख तिने केलं असेल तर घरात कुणाला दिसू दिलं नाही. रविवारची उपासना मात्र तिने कधी चुकवली नाही. मेलेले उठणार, नव्या शरीराने उठणार, यावर तिचा विश्वास होता तो बदलीचा हुकूम हातात पडलेल्या नोकरदारासारखा. तारीख तेवढी यायची बाकी. जुने पाळक स्वर्गातल्या सोन्याच्या रस्त्यांवर बोलायला लागले की ती मास्तरांच्या कानाशी पुटपुटायची, की सोन्याचे कशाला, सपाट असले म्हणजे झालं. तिला तिथे धावायचं होतं. एवढंच. दुसरं काही तिने कधी मागितल्याचं मास्तरांना आठवत नव्हतं.

एकदा मात्र मागितलं होतं. दोन वर्षांपूर्वी ती माप द्यायला दुकानात आली. स्टुलावर बसून पाय पुढे केला आणि म्हणाली, "दादा, मी गेले की माझ्या पायात काही घालू नकोस. उठल्या उठल्या नाड्या सोडत बसायला मला वेळ नसणार."

मास्तरांनी मापाची पट्टी गुंडाळली. "म्हणजे इतकी वर्षं मी तुझ्या पायाला धोंडा बांधत आलो."

ती नाही म्हणेल, असं त्यांना वाटलं होतं. तिने थोडा विचार केला.

"शिवलेला छान होता," ती म्हणाली आणि स्वतःच हसत सुटली.

ते हसले नाहीत. त्या वेळचा बूट त्यांनी शेजारच्या दुकानदाराच्या हाती पाठवून दिला आणि पंधरा दिवस तिच्याकडे फिरकले नाहीत. पुढे बोलणं सुरू झालं, जेवणखाण सुरू झालं. तो विषय दोघांनीही काढला नाही. तिच्या छातीचं दुखणं निघालं तेव्हा मास्तरांच्या दुकानात तिचा चोविसावा बूट साच्यावर चढलेला होता. ती आता चालणार नाही असं डॉक्टरांनी सांगितलं, त्यानंतरही त्यांनी तो पुरा केला. पॉलिशसुद्धा केलं.

मंगळवारी सकाळी तिच्या मैत्रिणीने, वॉर्डातल्या नर्सबाईंनी, तिला पांढरे कपडे घातले. पाय उघडे ठेवले. पेटीचं झाकण लावायच्या आधी शेवटचं बघायला मास्तर पुढे गेले. तोंडाकडे बघायचं ते त्यांनी पायांकडे बघितलं. डावी टाच उजव्या घोट्यापाशीच थांबली होती. मागे लोक रांगेने उभे होते. एकजण मान लांब करून बघत होता. मास्तरांनी दोन मिनिटं थांबा म्हणून सांगितलं, दुकानात जाऊन नवा बूट आणला, गुडघ्यांवर बसून तिच्या पायात चढवला आणि दुहेरी गाठ मारली. टाचा जुळल्या. भावाने शेवटपर्यंत केलं, असं लोक म्हणाले. दोघीतिघी रडल्या. दफनभूमीतून परतताना फाटकापाशी नर्सबाईंनी हळूच विचारलं, की दादा, विसरलात का. तिने मलाही सांगून ठेवलं होतं.

हो, विसरलो, असं मास्तर त्यांना म्हणाले होते.

"विसरलो नव्हतो," आता ते पाळकांना म्हणाले. "बूट बांधताना तिचं बोलणं माझ्या कानात होतं. तरी बांधला. ते दोन पाय वरखाली दिसत होते, ते माझ्याच्याने बघवेना."

पाळकांनी खुर्ची जवळ ओढली. ते म्हणाले, की मातीत जातं ते बी आणि वर येतं ते रोप, बियाणं कोणत्या पिशवीतून आणलं होतं हे रोपाला कोण विचारतं. तिचं शरीर नवं असेल, धडधाकट असेल. चामडं, बूच, दोरा इथेच कुजून जाईल. देव बुटापाशी अडत नाही.

मास्तरांनी ते नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, "प्रभू उठले तेव्हा हातावरचे व्रण राहिले होते ना?"

"राहिले होते."

"मग काय राहतं, काय जातं, ते कसं ठरतं?"

पाळकांनी कपाटातल्या पुस्तकांकडे एकदा पाहिलं, पण उठले नाहीत. "मला माहीत नाही, मास्तर."

मास्तरांना ते बरं वाटलं. चालताना लंगडणं किती उरेल असं गिऱ्हाईक विचारायचं, तेव्हा तेही खोटं सांगत नसत.

"मग दुसरं काम," ते म्हणाले. "तिच्या डाव्या बाजूची जागा माझ्या नावावर लिहून ठेवा. गाठ मी मारलीय, मलाच सोडवायला पाहिजे. हाताशी असलेला बरा."

पाळकांनी दफनभूमीचा नकाशा टेबलावर पसरला. डाव्या बाजूला एक शिक्षिका बारा वर्षांपासून होत्या. उजवी बाजू मोकळी होती. ती चालेल का, असं त्यांनी विचारलं.

मास्तर हिशेब करत राहिले. उजवीकडून उठायचं म्हणजे तिच्या पायथ्याला वळसा घालून जावं लागणार. चार पावलं. गुडघे तोवर नवे असतील, म्हणजे तशी अडचण नव्हती. अडचण तिची होती. लहानपणी शाळेत जाताना ते पुढे जाऊन कोपऱ्यावर थांबायचे, आणि ती मागून घामाघूम होत यायची. थांबलेल्या भावाचा तिला राग यायचा. आता थांबावं लागणार होतं ते तिला, आणि धोंडा पायात असतानाही ती थांबेल असं वाटत नव्हतं. ती तशीच निघेल. खडखड वाजवत.

"चालेल," ते म्हणाले. "माझ्यासाठी ती थांबेलच असं नाही. पण चालेल."

पाळकांनी पेन्सिल घेतली आणि तिच्या चौकोनाला लागून दुसरा चौकोन काढला. घाईत काढल्यामुळे तो जरा खाली सरकला होता. दोघांचे पायथे एका रेषेत नव्हते. पाळकांच्याही ते लक्षात आलं असावं, कारण त्यांनी खोडरबर शोधायला खण उघडला.

"असू द्या," मास्तर म्हणाले, आणि सही करायला वाकले.