मागची चटई

मनुका शनिवारी सकाळी भिजत घालायच्या. संध्याकाळी कुस्करून धुतल्या फडक्यातून गाळायच्या. ते पाणी म्हणजे रविवारच्या प्रभुभोजनातला आमचा द्राक्षारस.

लिंगायताच्या गळ्यात लिंग जन्मल्यावर बांधतात. ते माणसासोबत मातीत जातं. मधेच सोडलं, तर माणूस गेला असं धरतात.

कापड मोजायचा लोखंडी गज. मधोमध, जिथं हात धरतो तिथं, गुळगुळीत.

माझ्या पवित्र शास्त्रात एक पान होतं. शिकवताना मी तिथं दोन पानं एकदम उलटायचो.

पालमजवळच्या आमच्या प्रार्थनाघरात सात चटया. सातवी भिंतीला लागून. तिच्यावर कोणी आपण होऊन बसत नसे.

*

गज शिवलिंगचा. बाजारपेठेत त्याच्या बापाचं कापडाचं दुकान होतं. पान माझं. मी आश्रुबा, मिशनचा शिक्षक. बाप्तिस्मा मागणाऱ्याला आठ महिने शिकवायचं आणि शेवटी मंडळीपुढं त्याचा साक्षीदार म्हणून उभं राहायचं, हे माझं काम.

शिवलिंग रोज दुपारी यायचा, दुकान बापाकडं सोपवून. प्रश्न लय विचारायचा.

“मास्तर, देवानं आदमला झोपवून फासळी काढली. त्याला इचारलं व्हतं का?”

“नाही.”

“मंग आमच्या दुकानावानीच की. गिऱ्हाइकाला न इचारता फाडायचं.”

मी हसलो. शिक्षकानं हसायचं नसतं.

सहाव्या महिन्यात एका दुपारी वाचताना ओळीवर ठेवलेलं त्याचं बोट माझ्या बोटाला लागलं. दोघांनीही काढलं नाही. त्यानंतर ते फक्त बोटांवर राहिलं नाही. दार आम्हीच लावलं, आम्हीच उघडलं.

मी प्रार्थना करायचो, हे माझ्यातून काढून घे. तो येण्याची वेळ झाली की प्रार्थना करायचो, आजचा दिवस नको घेऊ.

ज्या पानावर पुरुषानं पुरुषाची वासना धरू नये असं लिहिलं होतं, ते मी एकदा त्याच्यापुढं ठेवलं. त्यानं बोट फिरवत सगळं वाचलं.

“हितं चहाडी बी लिवलीय,” तो म्हणाला. “आईबापाचं न ऐकणारे बी हायत. तुमच्या मंडळीत ते कोणच न्हाईत का?”

“हे वेगळं.”

“वेगळं कुणी केलं?”

मी पान उलटलं. शास्त्र खोटं आहे असं मला कधी वाटलं नाही, आणि ती दुपारही खोटी वाटली नाही.

*

१९३८. ज्वारी काढणीला आलेली. गुरुवारी शिवलिंगनं चांदीच्या डबीतलं लिंग गळ्यातून सोडून आईपुढं ठेवलं. गंगम्मा ओरडली नाही. तिनं घागरभर पाण्यानं अंघोळ केली, माणूस गेल्यावर करतात तशी. मग चूल विझवली.

तो अंगावरच्या कपड्यांनिशी माझ्याकडं आला. गळ्याला सारखा हात जात होता.

“मोकळं मोकळं लागायलंय,” म्हणाला. “दात पडल्यावानी. आयतवारी पाणी पडलं माथ्यावर, की मी कुणाचा तरी झालो.”

*

शनिवार. प्रभुभोजनाच्या आदल्या दिवशी दुपारी आमच्यात तयारीची सभा होते. ज्याच्या मनावर काही असेल त्यानं उठून सांगायचं. दोष असेल तर सहा महिने मागच्या चटईवर, भाकर नाही, प्याला नाही. लपवून खाल्लं तर तो आपल्याच शिक्षेचा घास, असं आम्ही शिकवतो. मीच शिकवतो.

माझा हिशेब सरळ होता. माझा दोष मी सांगेन, त्याचं नाव घेणार नाही. मी मागं बसेन, त्याला पाणी मिळेल.

मी उठलो. “मी मोहात पडलोय. उद्याची भाकर मला नको.”

पाळक बन्सीधर चष्मा पुसत होते. थांबले.

“कोणासंगं?”

मी गप्प.

“मास्तर, नाव.”

दारात शिवलिंग उभा होता. बाप्तिस्मा न झालेल्यानं दाराच्या आत यायचं नसतं. मंडळींच्या माना मात्र दाराकडं गेल्याच नाहीत. त्या बायकांच्या बाजूला वळल्या, कडूबाईकडं.

कडूबाई मिशनची बायबलबाई. विधवा. चाळिशीची. आम्ही दोघं गावोगाव बरोबर चालत जायचो. ती गाणी शिकवायची, मी धडे.

“तरीच,” मागून कोणीतरी म्हणालं. “पोखर्णीच्या वाटंवर दोघं एकाच झाडाखाली जेवायची.”

कडूबाईनं माझ्याकडं पाहिलं. मग दाराकडं. मग पुन्हा माझ्याकडं. तिनं पिशवी उचलली, चपला हातात घेतल्या आणि सातव्या चटईवर जाऊन बसली.

मी तोंड उघडलं. ‘ही नव्हे’ म्हटलं की पुढचा प्रश्न ‘मग कोण’. मी तोंड मिटलं.

“दोघं सहा महिने,” पाळक म्हणाले. मग वही पुढं ओढली. “शिवलिंग. उद्या याच्यासाठी कोण उभं राहतं?”

मी हात वर केला.

“मागच्या चटईवरच्याचा हात चालत न्हाई, मास्तर.”

हे मला सुचलंच नव्हतं. नियम मी आठ वर्षं शिकवत होतो.

“याला दुसरं कोण ओळखतं?”

त्याला गाणी शिकवणारी मागच्या चटईवर बसली होती. बाकीच्यांना तो कापड दुकानदाराचा पोरगा एवढाच ठाऊक.

“मंग पुढच्या वर्षी बघू,” पाळक म्हणाले. वाईट हेतूनं नाही. वही मिटली.

*

बाहेर लिंबाखाली शिवलिंग म्हणाला, “आश्रुबा, एक सांग. मी उद्या मेलो तर मला कुठं पुरशील? तिकडं लिंग न्हाई. हिकडं पाणी न्हाई.”

“मी उद्या खरं सांगतो सगळ्यांना.”

“आन् मंग? ह्या बाईवरचा दोष काढून माझ्या गळ्यात घालशील?” तो हसला, गळ्याकडं हात नेत. “तुला सोताला धुवायचं व्हतं. धुतलंस.”

रविवारी सकाळी तो बैलगाडीनं परभणीला गेला. तिथून रेल्वेनं. कुठं, ते कळलं नाही.

रविवारी मी मागच्या चटईवर कडूबाईशेजारी बसलो. पुढं ताट फिरत होतं. मनुकांचा वास येत होता.

“का केलंस?” मी हळू विचारलं.

“तू नाव घेतलं असतंस तर गावानं त्याला चेचला असता. मला काय रं. हितून बी गाणं ऐकायला येतंय.”

“उद्या मी पाळकांना—”

“आता कुणासाठी? तो गेला. आता बोललास तर निस्तं तुझं मन हलकं हुईल.” तिनं पदर सारखा केला. “गाणं म्हण. मागचे बी म्हणू शकत्यात.”

मला गाणं आलं नाही. सहा महिन्यांनी मला पुन्हा भाकर मिळाली. कडूबाईचं काम मिशननं परत दिलं नाही. ती वारली तेव्हाही मी खरं सांगितलं नव्हतं.

१९१८च्या मानमोडीच्या तापाच्या साथीत माझे आईबाप एका आठवड्यात गेले, तेव्हा मी सहा वर्षांचा होतो, आणि मला वाचायला कडूबाईनं शिकवलं.