फुटबॉलच्या ब्लॅडरमधला गॅस

केवलराम कापगते भिलाईच्या पोलाद कारखान्यात, कोक ओव्हनच्या बाजूला, गॅसवर होता. चोवीस वर्षं. गॅस कुठे गळतो, प्रेशर कशानं पडतं, ज्योत पिवळी का होते आणि निळी कधी होते, हे त्याला घरातल्या माणसांच्या स्वभावाइतकं ठाऊक. साकोलीकडच्या खेड्यातून खलाशी, म्हणजे साधा मदतनीस, म्हणून भरती झालेला माणूस चार्जमन झाला होता. सेक्टर ६ मध्ये त्याचं क्वार्टर होतं आणि गावाकडून कोणी नोकरीच्या आशेनं आलं की आधी त्याच्याच दारात पिशवी टेकवायचं.

चंपत हातझाडेही तसाच आला. केवलरामची बायको रंभा, तिची धाकटी बहीण नलू, आणि नलूचा हा नवरा. म्हणजे दोघे साडू. चंपत आणि नलू दोन वर्षं क्वार्टरच्या मागच्या खोलीत राहिले. चंपत कारखान्याच्या भरतीला चार वेळा उभा राहिला आणि चारही वेळा हात हलवत परत आला. मग तो भिलाईजवळच्या हथखोजला एका सरदारजीच्या फाउंड्रीत लागला, आणि पुढे तिथंच पत्र्याची शेड टाकून त्यानं स्वतःचं काम सुरू केलं. गटारावरची झाकणं ओतायची, पंपाच्या पुल्या ओतायच्या. तोवर केवलरामला त्याचं कौतुकच होतं. म्हणजे वरून खाली बघता बघता करता येतं तितकं कौतुक.

पंच्याऐंशीच्या उन्हाळ्यात चंपत एक छापील फॉर्म घेऊन आला. घामानं त्याचा एक कोपरा भिजला होता.

"केवलभाऊ, सरकारची योजना निघाली. शेण आणि मंडीतला सडका माल टाकीत सडवायचा आणि त्याचा गॅस कारखान्यात जाळायचा. अर्धा खर्च सरकार देते, अर्धा आपला. माझी साचे सुकवायची भट्टी लाकडानं जळून राहिली, तिच्यात हा गॅस जाईल. तुमी गॅसचे माणूस. माझ्यासंगं पार्टनर व्हा ना."

केवलराम मोठ्यानं हसला. "शेणाच्या गॅसवर फाउंड्री? अरे, ते बायाच्या चुलीचं काम आहे. आमच्याकडं पाइपात माणूस उभा राहील येवढा गॅस वाहते. आणि मी येऊन तुह्या शेणात हात घालू?"

चंपतही कसनुसा हसला. फॉर्मची घडी घालून त्यानं तो खिशात ठेवला. रंभानं आणलेला चहा प्यायला आणि सायकलवर टांग मारून निघून गेला. त्यानं पुन्हा विचारलं नाही.

दीड वर्षानं हथखोजच्या त्या शेडमागे विहिरीएवढी टाकी उभी होती. तिच्यावर लोखंडाचं मोठं पिंप उलटं तरंगत होतं. गॅस भरला की पिंप वर यायचं, भट्टी पेटली की हळूहळू खाली बसायचं. सुपेल्याच्या खटालांतून, म्हणजे गाई-म्हशींच्या गोठ्यांतून, रोज शेणाच्या गाड्या यायच्या, मंडीतून सडकी कोबी आणि टमाटर यायचे. सरकारी मदतीचा पहिला हप्ता मिळाला होता. टाकी वर्षभर नीट चालली की तपासणी होऊन दुसरा मिळायचा होता. रायपूरच्या एका पेपरात चंपतचा फोटो आला. डोक्याला रुमाल बांधलेला, हात पिंपावर ठेवलेला, जसा कोणी आपल्या बैलाच्या पाठीवर ठेवतो तसा.

तो पेपर केवलरामच्या फोरमननं, पिल्लईनं, शिफ्ट सुरू व्हायच्या आधी टेबलावर उघडून ठेवला. "कापगते, ये तुम्हारा साडू है ना? गॅस में नौकरी तुम्हारी, और फोटो उसका!" सगळे हसले. केवलरामही हसला. त्या दिवशी डब्यातली भाकर त्यानं तशीच परत नेली.

घरीही सुटका नव्हती. नलू पेढे घेऊन आली. रंभा शेजारणींना सांगत सुटली की आमच्या जावयानं शेणातून कारखाना चालवला. केवलराम खाटेवर पडून ऐकायचा. आपण चोवीस वर्षं आगीजवळ घालवली, दोन वेळा गॅस लागून दवाखान्यात पडलो, आपलं नाव कुठं छापून आलं? हा कालपर्यंत आपल्या मागच्या खोलीत सतरंजीवर झोपत होता. त्याला हथखोजकडे जायची वाट नकोशी झाली. पंचायत अशी की शेड डोळ्यांआड झाली तरी डोक्यातलं ते पिंप खाली बसत नव्हतं. अर्धी भागीदारी आपल्याच दारात चालून आली होती आणि आपणच तिला हसलो होतो, हे तर कुणाला सांगायचीही सोय नव्हती.

मग तो टेक्निकल लायब्ररीत जाऊ लागला. गोबर गॅसवरची जी जी पुस्तिका सापडेल ती काढायची आणि वहीत उतरवायची. शिकायची हौस म्हणून नव्हे. चंपतचं कुठं चुकतंय ते त्याला शोधायचं होतं. चार महिन्यांत चंपतला माहीत नव्हतं इतकं केवलरामला त्या टाकीबद्दल माहीत झालं.

आणि चुकलंच. डिसेंबरात तपासणीची तारीख आली, तसा चंपत घाबरला. साहेबांपुढं पिंप पूर्ण वर आलेलं दिसावं म्हणून तो टाकीत जास्तीचा माल टाकू लागला. दुर्गच्या एका व्यापाऱ्याकडं नागपुरी संत्र्यांचा ट्रक सडला होता. व्यापारी म्हणाला, फुकट घेऊन जा. चंपतनं अख्खा ट्रक टाकीत रिचवला. पिंप वर आलं खरं, पण आठ दिवसांत गॅस पेटेनासा झाला. काडी लावली की फुस्स करायचा आणि विझायचा.

तो सकाळीच सेक्टर ६ ला आला. दाढी वाढलेली.

"केवलभाऊ, मले काही सुधरून नाही राहिलं. पिंप भरलं आहे, पण आग धरत नाही. शुक्रवारी भोपाळचे साहेब येऊन राहिले. एकदा तपासून द्या."

केवलरामच्या छातीत काहीतरी गोड हललं. ते त्याचं त्यालाच कळलं आणि त्यानं चेहरा गंभीर केला. "सॅम्पल आण," तो म्हणाला. "फुटबॉलचं ब्लॅडर घे नवीन. त्यात गॅस भर आणि तोंड बांध. आणि टाकीतला घोळ एका बाटलीत."

चंपतनं सुपेल्याच्या बाजारातून ब्लॅडर घेतलं. दुपारी तो ते फुगवून, दोन्ही हातांत धरून, तान्हं मूल आणावं तसं घेऊन आला. केवलरामनं ते दुसऱ्या दिवशी कारखान्यातल्या गॅसच्या लॅबमध्ये नेलं. ओळखीच्या केमिस्टकडून काचेच्या नळ्यांमधून गॅस काढून बघितला. कार्बन डायऑक्साइड बासष्ट टक्के. जळणारा गॅस उरतोच किती! घोळात बुडवलेला निळा कागद लालभडक झाला. टाकी आंबली होती. वहीतलं पान त्याला तोंडपाठ होतं: माल टाकणं बंद करायचं, चुन्याची निवळी घालायची, चालू टाकीतला ताजा घोळ आणून मिसळायचा. लगेच हात घातला तरी शुक्रवारपर्यंत ज्योत आली नसती, पण निदान साहेबाला दाखवायला कारण आणि उपाय दोन्ही हातात असते.

संध्याकाळी चंपत दारात उभाच होता.

"काय निघालं?"

"काही नाही," केवलराम म्हणाला. "थंडी आहे ना, म्हणून सुस्त पडला. आणखी थोडा माल टाक. शुक्रवारपर्यंत येईल ठिकाणावर."

चंपतचा चेहरा उजळला. त्यानं केवलरामचे दोन्ही हात धरले. "तुमी हो म्हटलं की मले धीर येते, भाऊ." आणि तो गेला, आणखी माल टाकायला.

शुक्रवारी केवलरामनं रजा टाकली. आपण कशाला जातोय, असं त्यानं स्वतःला विचारलंच नाही. शेडमध्ये खुर्च्या मांडल्या होत्या, नलूनं नवं लुगडं नेसलं होतं. भोपाळहून आलेले इंजिनिअर दुबे साहेब उंच, मितभाषी, हातात फाइल. चंपतनं बर्नर उघडला, काडी लावली. फुस्स. पुन्हा लावली. सहा काड्या झाल्या. शेजारच्या शेडमधले लोक दाराशी जमले. चंपतच्या कपाळावर घाम, नलूचा पदर तोंडाला. आणि केवलराम मागे पत्र्याला टेकून उभा होता. त्याच्या पोटात जे सहा महिने पेटलेलं होतं ते पहिल्यांदा निवलं. इतकं बरं त्याला कितीतरी दिवसांत वाटलं नव्हतं.

दुबे साहेबांनी फाइल उघडली. "गॅस की जांच कराई थी कभी?"

"कराई थी, साहब!" चंपत एकदम म्हणाला. त्यानं मागे बोट केलं. "हमारे साडू हैं, प्लांट में गॅस के ही आदमी हैं. इन्होंने खुद जांची. ठंड की वजह से है, ऐसा बोले." आणि त्या अवस्थेतही तो केवलरामकडं अभिमानानं बघत होता. "सांगा ना, केवलभाऊ."

साहेब वळले. "कार्बन डायऑक्साइड कितना निकला था?"

पस्तीस, म्हणजे चांगल्या गॅसचा आकडा, म्हणायचं, की सगळं मिटत होतं. टाकीचाच दोष ठरला असता, चंपतची फाइल बंद झाली असती आणि कुणाला काही कळलं नसतं. केवलरामनं तोंड उघडलं. पण चोवीस वर्षांत त्यानं लॉगबुकात एकही आकडा खोटा लिहिला नव्हता. गॅसचा आकडा खोटा लिहिला की पुढच्या शिफ्टचा माणूस मरतो, हे त्यानं डोळ्यांनी पाहिलं होतं. साडूशी खोटं बोलताना जीभ अडली नाही. आकड्यापाशी अडली.

"बासष्ट," तो म्हणाला.

"बासठ?" साहेबांनी चष्मा काढला. "फिर तो टंकी खट्टी हो गई है. ये ठंड नहीं है. आपने इनको बताया नहीं?"

साहेबांनी दोघांकडं आळीपाळीनं पाहिलं, फाइलमध्ये दोन ओळी लिहिल्या आणि एक महिन्याची मुदत देऊन जीपमध्ये बसले.

लोक पांगले. चंपत जवळ आला. आवाज चढवला नाही त्यानं, हेच वाईट होतं.

"कावून, भाऊ?"

केवलरामला खोटं सुचलं नाही. "जळून राहिलो होतो," तो म्हणाला. "तुहा फोटो पाहिला तवापासून."

चंपत पिंपाकडं वळला. "उपाय आहे?"

"आहे. माल टाकणं आजच बंद कर. चुना घालावा लागते. मी संगं..."

"चुना मी टाकतो. किती, कसा, येवढं सांगा." सगळं ऐकून घेतल्यावर तो म्हणाला, "आता तुमी घरी जा."

घरी रंभाला आधीच कळलं होतं. तिनं ताट वाढलं आणि ती आत निघून गेली. चार दिवसांनी, तांदूळ निवडता निवडता, मान वर न करता म्हणाली, "भरतीतून तो रिकाम्या हातानं परत यायचा ना, तवा तुमी त्याले किती मायेनं जवळ बसवायचे. मले वाटे, माणूस दिलदार आहे. आता समजलं, तुमाले तो तसाच पाहिजे होता." केवलरामनं चप्पल घातली आणि सिव्हिक सेंटरपर्यंत उगाच चालत जाऊन आला.

चुन्यानं काम केलं. तीन आठवड्यांत गॅस पेटला, मुदतीच्या आत साहेब पुन्हा आले, हप्ता मंजूर झाला. त्याबद्दल शेडमध्ये पूजा ठेवली. नलूनं बोलावणं पाठवलं ते फक्त ताईला. रंभा नटूनथटून गेली. केवलराम ओसरीत रेडिओ लावून बसला. शरमेनं मान खाली होती हे खरं. पण त्या शरमेखालून तो जुना विस्तव अजून धुमसत होता, हेही खरं. आता तिथं किती लोक आले असतील, कुणी हार घातला असेल, हेच त्याच्या मनात घोळत राहिलं. आपल्याला यातून सुटका नाही की काय, या विचारानं तो पहिल्यांदाच स्वतःला घाबरला.

होळी होऊन गेली. एका रविवारी चंपत आला. आत आला नाही, सायकल धरून फाटकाशीच उभा राहिला.

"आग पिवळी लागून राहिली," तो म्हणाला. "साच्यावर काजळी बसते. दुसरा कोणी जाणकार मले माहीत नाही, म्हणून आलो."

"हवा कमी मिळत असंल," केवलराम म्हणाला. "येतो."

"या. पण येक आहे." चंपतनं खिशातून एक जाड वही काढली. "आता तोंडानं नाही. जे निघंल ते याच्यात लिहायचं, आणि खाली सही करायची."

ते केवलरामला झोंबलं. पण त्यानं वही घेतली.

शेडमध्ये त्यानं बर्नरची हवेची झडप दोन बोटं सरकवली. ज्योत फडफडली, आखडली आणि निळी झाली. मागे टाकीजवळ मजूर दुसऱ्या, मोठ्या टाकीसाठी खड्डा खणत होते. केवलरामनं त्या खड्ड्याकडं पाहिलं आणि ती ओळखीची कळ पुन्हा उठली. ती उठली, हे त्यानं या वेळी स्वतःपासून लपवलं नाही. सॅम्पल घेतलं, लॅबमधून तपासून आणलं आणि दुसऱ्या दिवशी, चंपतच्या समोर, वहीच्या पहिल्या पानावर तारीख घालून लिहिलं: कार्बन डायऑक्साइड छत्तीस टक्के, गॅस चांगला. खाली सही केली.

चंपतनं ते पान दोनदा वाचलं. मग खुर्चीवरचं पोतं बाजूला सारून म्हणाला, "बसा. नलू चाय मांडून राहिली."

केवलराम बसला.