लिफ्टजवळची खोली

एकतीस वर्षं मी ट्रॅव्हल कंपनीच्या खिडकीत बसून लोकांना त्या कॅसिनोच्या शहरी पाठवलं. नवरा-बायकोंना पाठवलं, मित्रांच्या टोळक्यांना पाठवलं, घरी ‘मीटिंग आहे’ सांगून निघालेल्यांनाही पाठवलं आणि तोंडाला कुलूप लावून बसले. स्वतः मात्र तिथला एक दिवासुद्धा पाहिला नाही. आधी पोरगा लहान, मग सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, मग नवऱ्याचं आजारपण. आता सगळं निभावून झालंय, वय एकोणसत्तर आहे आणि मला जायचंय. जाणार म्हणजे जाणार.

सोबतीला धाकटी जाऊ. तिचा उजवा गुडघा कुरकुरतो, जीभ मात्र सुसाट चालते. आखणी अर्थातच माझी. तिकडची हॉटेलं फुकट बस पाठवतात, पण ती सहा तासांत माणसांना गोळा करून परत आणते, म्हणून ती बाद. आपली सकाळची साधी बस बरी, डावीकडच्या सीटा, कारण उजवीकडे ऊन येतं. शुक्रवार-शनिवारी तिथे पाय ठेवायला जागा नसते, म्हणून सोमवार ते गुरुवार. खोली लिफ्टजवळच हवी, कारण त्या हॉटेलांत नाश्त्याला जायचं तरी अख्खा खेळाचा हॉल तुडवावा लागतो. बाथरूमला उंबरा नको, धरायला दांडा हवा. फोनवर हे सगळं विचारलं तेव्हा तिकडची मुलगी म्हणाली, “मॅडम, तुम्ही इथे राहून गेलायत का?”

“नाही गं. राहून आलेल्यांची रडगाणी ऐकलीयत,” मी म्हटलं.

मुलाला कळलं तसं त्याने नाक मुरडलं. “आई, लोक काय म्हणतील? आणि तू तिथे खेळणार?”

“नाही, भिंतींचे रंग बघणार! खेळणारच तर.”

त्याने वाद न घालता हॉटेलचं नाव तेवढं विचारून घेतलं. माझा मुलगा वाद घालत नाही तेव्हा समजावं, पाणी कुठेतरी मुरतंय.

निघायच्या आदल्या दिवशी हॉटेलला फोन करायचा आणि बुकिंग वाचून दाखवायला लावायचं, ही माझी नोकरीतली सवय. एकदा नुसत्या कागदावर विसंबून चाळीस शिक्षकांना हॉटेलच्या पायऱ्यांवर बसवलं होतं मी, तेव्हापासूनची. रविवारी सकाळी फोन लावला.

“मॅडम, ते तर रद्द झालं,” तीच मुलगी म्हणाली. “परवा तुमच्या मुलाचा फोन होता. आईंची तब्येत बरी नाही म्हणाले.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. “मी धडधाकट आहे. खोली परत द्या.”

“आता एकही नाही. इथे मोठं प्रदर्शन भरलंय.”

“मोठे पैसे लावणाऱ्या गिऱ्हाइकांसाठी अडवून ठेवता त्या खोल्या? आमच्या वेळी आदल्या दिवशी दुपारी बाराला सोडायचे.”

पलीकडे ती हसली. “अजूनही बारालाच सोडतो.”

बाराला फोन हातात घेऊनच बसले होते. खोली मिळाली, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्टच्या समोर. मग बसच्या ऑफिसला एक फोन केला आणि बॅग भरायला घेतली.

संध्याकाळी मुलगा आला. दारातली बॅग बघून त्याचा चेहरा उतरला.

“काळजीपोटी केलं गं, आई.”

“काळजी तोंडावर सांगून करतात. पाठीमागे करतात त्याला वेगळं नाव आहे. नुसती खोली घालवली असतीस तर चार शिव्या देऊन गप्प बसले असते. चालत्या-फिरत्या बाईला आजारी पाडून मोकळा झालास!”

तो मान खाली घालून उभा राहिला. मला त्याची दया आली, खोटं कशाला बोलू? लहानपणी मार खाल्ल्यावर असाच उभा राहायचा. पण दया आली म्हणून मी बॅग उघडली नाही.

“बरं,” तो हळूच म्हणाला, “गुरुवारी न्यायला येतो. कितीची बस आहे?”

“गुरुवारची आमची परतीची तिकिटं मी दुपारीच रद्द केली.”

“म्हणजे? मग येणार कधी?”

“मन भरलं की,” मी म्हणाले. “आणि ते किती दिवसांत भरतं ते मला ठाऊक नाही बाबा. आजवर कधी भरू दिलंय कुणी?”