हाताखालचा गाल

माऊसचा लाल दिवा विझला तेव्हा बाळाची तीन बोटं अजून गालावर होती.

पुष्पांजलीनं माऊस उलटा करून पाहिला, तळहातावर दोनदा आपटला. दिवा लागला नाही. पडद्यावरचा बाण मधल्या बोटाच्या पेरावर रुतून बसला तो बसलाच. अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट तिनं मघाशीच पुसलं होतं. तिथं आता नितळ, गव्हाळ गाल होता. बाकीचा पंजा तसाच.

"काय झालं वं माय?" स्टुडिओतल्या मागच्या बाकावरून जनकाबाईंनी विचारलं.

"माऊस बंद पडला, मावशी. थांबा, दुसरीकडं लावून पाह्यते."

जनकाबाई सकाळच्या ऑटोनं खेड्यावरून जानेफळला आल्या होत्या. अंगावर पांढरं पातळ, मांडीवर कापडी पिशवी, पिशवीत सुनेचा मोबाइल. सून धम्मशीला. तापाचं निमित्त झालं, मेहकरहून अकोल्याला नेली, आणि गेल्या आठवड्यात परत आणली ती बोलती नव्हती. उद्या तिचं पुण्यानुमोदन, गेलेल्या माणसासाठीचा विधी. भंतेजी येणार, सोयरे येणार, आणि समोर ठेवायला तिचा धड फोटो नाही. एक होता, कुणाच्या तरी लग्नात काढलेला. लेकानं तो स्टुडिओच्या नंबरवर पाठवून दिला होता. धम्मशीलेच्या कडेवर वर्षाचा प्रसेनजित, आणि त्याचा पंजा आईच्या डाव्या गालावर पसरलेला.

"पोट्टं काढून टाक त्याच्यातलं," आल्या आल्या त्यांनी सांगितलं होतं. "ज्या फोटोले हार चढते त्याच्यात जितं लेकरू नको. आपल्यात हे असलं मानत नाहीत, पोरगा माहा लय बोलते त्याच्यावर. पण मले भेव वाटते."

कडेवरचं लेकरू काढणं अवघड गेलं नाही. पदर थोडा ओढून घेतला, मागच्या मांडवाचा पडदा पुढे आणला, झालं. गालावरचा हात मात्र निघता निघेना. पुष्पांजलीचा नवरा दीपक असता तर त्यानं चुटकीसरशी केलं असतं, पण तो लग्नाच्या शूटिंगला शेगावला गेलेला. मग पुष्पांजलीनं धंद्यातली नेहमीची युक्ती केली. उजवा गाल कापला, उलटा केला आणि डावीकडे एकेका बोटावर बसवायला घेतला. बसवण्याआधी विचारलंही होतं,

"मावशी, डाव्या गालावर काही होतं का हो? तीळ, खळी, काही खूण?"

"गालासारखा गाल. काय राह्यते गालावर?"

तेवढ्यात पिशवीतला मोबाइल चार्जिंग संपत आल्याची कुरकुर करू लागला होता. जनकाबाई केवढ्या तरी दचकल्या. तो बंद पडला तर आतलं सगळं पुसून जातं, अशी त्यांची समजूत. म्हणून पुष्पांजलीनं कॉम्प्युटरच्या डब्याच्या पुढच्या बाजूला केबल खुपसली, मोबाइल जोडून दिला, पुन्हा माऊसवर हात ठेवला. आणि दिवा विझला.

आता ती टेबलाखाली शिरली. माऊस मागच्या दुसऱ्या पोर्टमध्ये लावला, तिसऱ्यामध्ये लावला. कीबोर्ड काढून घातला. त्याचाही दिवा लागेना. पेनड्राइव्ह मेलेला. प्रिंटर जागा होता, पण कॉम्प्युटरला त्याची ओळखच राहिलेली नव्हती. मोबाइलही चार्ज होत नव्हता. चालू होता तो फक्त पडदा, आणि पडद्यावर ते अर्ध्या हाताचं तोंड.

कोपऱ्यातल्या साडीच्या झोळीत तिची दोन वर्षांची गुड्डी चुळबुळली. पुष्पांजलीनं टेबलाखालूनच पाय लांब करून झोळीला झोका दिला आणि मेहकरच्या जीवनला फोन लावला. कॉम्प्युटर त्यानंच जोडून दिलेला होता.

"वयनी, माऊसले मारू नका, गरीब जीव आहे तो," जीवन म्हणाला. "पुढं काही लावलं का आता?"

"मोबाइल लावला चार्जिंगले."

"हाव, मंग तिथंच आहे दुखणं. एका पोर्टात शॉर्ट झालं का बोर्ड साऱ्याइचं करंट तोडते. दुखते एकाचं, उपास साऱ्याइले. आता असं करा, पुढचं काढा पह्यले. मंग बटन दाबून डबा बंद करा, मागची वायर काढा, अन् पुन्हा बटन दाबून धरा थोडा टाइम. उरलंसुरलं करंट निघून जाऊ द्या. अन् पुढच्या पोर्टात बॅटरी मारून पाह्या, गुड्डीनं काही कोंबलं असन. मांगच्या टाइमले शेंगदाणा निंघाला होता."

"भाऊ, सेव्ह नाही केलं मी."

पलीकडे जीवन चुकचुकला.

"मंग तेवढं गेलं, वयनी."

पुष्पांजलीनं फोन ठेवला. बघते तर जनकाबाई बाकावरून उठून स्टुलावर येऊन बसल्या होत्या, पडद्यासमोर, अगदी जवळ. दवाखान्यात खाटेजवळ बसतात तशा. धम्मशीलेचं तोंड पडद्यावर परातीएवढं झालं होतं. भुवईतला एक केस वाकडा होता, तोही दिसत होता.

"बंद करतं का आता?"

"करावं लागीन. नाही तं काहीच चालणार नाही."

"ही जाईन?"

"मूळ फोटो आहे आत. मी केलेलं तेवढं जाईल. सारा हात परत येईल गालावर."

जनकाबाईंनी मान हलवली. पण पुष्पांजलीचा हात बटणाकडे गेला तसा त्यांनी तिचं मनगट धरलं. नुसत्या पाहत राहिल्या. बाहेर स्टँडवर मेहकरची गाडी लागली, कंडक्टरनं दोनदा पत्रा बडवला, गाडी निघूनही गेली. मग त्यांनी आपणहून हात सोडला.

"कर."

पडदा काळा झाला. पुष्पांजलीनं वायर काढली, बटण दाबून धरलं. पुढच्या पोर्टमध्ये मोबाइलची बॅटरी मारली, तर आत काहीतरी लुकलुकलं. केसातली पिन काढून तिनं हळूहळू ओढलं. चॉकलेटची चांदी निघाली, घडी घालून घालून आत सरकवलेली.

"आता हिचं काय करावं, सांगा बरं," झोळीकडे पाहत ती म्हणाली.

"काही नको करू," जनकाबाई म्हणाल्या. "लेकराचा हात आहे. कुठं ना कुठं जाणारच."

वायर जोडली. माऊसचा दिवा लागला. कीबोर्ड लागला. तरी पुढच्या पोर्टवर तिनं चिकटपट्टी मारून टाकली, आणि मोबाइलची केबल मागून जोडली. फोटो उघडला. जीवन म्हणाला तसंच झालं होतं, पाचही बोटं गालावर परत आली होती, लेकरूही कडेवर.

पुष्पांजलीनं पुन्हा उजवा गाल कापायला घेतला. मग थांबली.

"मावशी, खरं सांगा. असाच होता ना इकडचा गाल? उद्या सारे पाहतील."

जनकाबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या.

"तीन वर्सं एका चुलीवर खाल्लं आम्ही," त्या म्हणाल्या. "खळी होती का नव्हती, सांगता नाही येऊन राह्यलं मले."

"तुमच्या मुलाले विचारू फोन करून?"

"त्याले नको. तिचं नाव काढलं का उठून जाते तो."

"मग तिच्या आईले?"

"तिले कोणत्या तोंडानं इचारू? ते म्हणन, तीन वर्सं ठेवली घरात अन् एवढंबी नाही पाह्यलं सासूनं?"

पुष्पांजलीनं मोबाइलचं फोल्डर उघडलं. एवढ्या फोटोंत कुठंतरी डावा गाल सापडेलच. चिमुकल्या चौकोनांच्या ओळी पडद्यावर भरभर उतरू लागल्या. प्रसेनजित झोपलेला. प्रसेनजित उठलेला. नाकाला वरण लागलेला. टोपलं डोक्यावर घेतलेला. भिंतीला धरून उभा, पडलेला, रडणारा. खाली, आणखी खाली. धम्मशीला कुठंच नव्हती. फोटो काढणारी ती, मग ती फोटोत कुठून असणार? पुष्पांजलीला हे सांगायला कुणी लागायला नको होतं.

"थांब," जनकाबाई एकदम म्हणाल्या. "ही कोण म्हतारी?"

पुष्पांजलीनं फोटो मोठा केला. न्हाणीतल्या दगडावर एक बाई पाय लांब करून बसली होती. पायांवर पालथं बाळ, पाठीवर पाणी, आणि ती बाई दात पडलेल्या तोंडानं खदखदून हसत होती.

"तुम्हीच की, मावशी."

"मी? मी कवा हासते अशी?"

पुढचा. जनकाबाई दुपारच्या झोपलेल्या, तोंड उघडं, गळ्यावर बाळाचा पाय. पुढचा. सूप घेऊन तूर पाखडताना, उन्हात उडालेला भुसा त्यांच्याभोवती सोन्यासारखा. उंबऱ्यात कपाळावर हात धरून वाट पाहताना. बाळाच्या डोळ्यात काजळ घालताना, जीभ दातांत धरून. सगळे चोरून काढलेले, दाराआडून, खिडकीतून.

"आमच्यात कोणी फोटो नाही काढला माहा आजवर," त्या पुटपुटल्या. "आधारचा काढला तेवढा."

आणखी एक आला. त्यात जनकाबाईंचं बोट थेट कॅमेऱ्याकडे रोखलेलं होतं, भुवया वर, तोंड अर्धं उघडं.

"हे तिलेच बोलून राह्यली मी."

"काय म्हणत होत्या?"

पुष्पांजली माऊस सरकवणार एवढ्यात जनकाबाई म्हणाल्या,

"काय म्हणन? सदानकदा हातात मोबाइल, ठेव तो, म्हणत असन. येवढंच तं बोलो मी तिले."

त्यांनी डोळे पुसले नाहीत. पाणी आलं ते हनुवटीवरून पातळावर पडलं, तिथंच जिरलं. झोळीत गुड्डी जागी होऊन उठून बसली, आणि अनोळखी म्हातारी रडताना पाहून मुकाट झाली.

"आणखी आहेत का माहे?"

"लय आहेत, मावशी."

"अन् तिचा?"

"हा लग्नातला तेवढा."

पंखा घरघरत होता. जनकाबाईंनी नाक शिंकरलं, पदर नीट केला, स्टूल मागे सारलं.

"मंग हात राहू दे."

"पण मावशी, हार..."

"हार नाही घालत. फुलं खाली ठेवू, मेणबत्तीपाशी. सांगतो मी भंतेजीले." त्या पडद्यावरच्या पंज्याकडे पाहत होत्या. "पोराच्या हाताखाली काय होतं ते त्यालेच ठाव. त्याले मोठं होऊ दे. त्याचं त्याले ठेव. तू तिथं दुसऱ्याचं काही लावू नको."

"मग तोही राहू दे कडेवर?"

"राहू दे. नुसता हात काऊन ठेवतं?"

कागद प्रिंटरमधून सावकाश उतरला. आधी मांडवाची झालर, मग केसांचा भांग, मग कपाळ. जनकाबाई वाकून, पुढे हात करून उभ्या होत्या, गरम भाकर तव्यावरून घ्यावी तशा. बाळाचा पंजा उतरला तेव्हा त्यांनी ओला कागद ओढू नये म्हणून पुष्पांजलीनं त्यांचे हात धरले. नाव छापण्याआधीच खाली टाकलं होतं. दिवंगतांसाठी लिहितात ते कालकथित, मग धम्मशीला, मग तिच्या नवऱ्याचं नाव धम्मरत्न, एवढं टाइप करून ती थांबली होती आणि जनकाबाईंनी मान डोलावली होती.

फोटो वर्तमानपत्रात गुंडाळून झाला. ऑटोला अजून वेळ होता. जनकाबाईंनी मोबाइल पिशवीत ठेवला, पुन्हा काढला, दोन्ही हातांत धरून बसल्या.

"आता हा बंद नाही पडत ना?"

"नाही. अन् पडला तरी आतलं कुठं जात नाही, मावशी."

"असं?" त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला. "मंग मले शिकव."

"काय?"

"फोटो काढणं. पोट्टं दिवसाले बदलून राह्यलं. कोण काढन आता त्याचे?"

पुष्पांजली त्यांच्याशेजारी बसली. कॅमेऱ्याचं चित्र कुठं असतं ते दाखवलं, कुठं दाबायचं ते दाखवलं. कापूस वेचून, निंदण करून खरबरीत झालेला अंगठा पडद्याला कळेचना. त्यांनी एकदा दाबलं, दोनदा दाबलं, मग रागानं दाबलं.

"हाबी मले ओयखत नाही."

"करंगळीनं दाबा."

करंगळी चालली. पहिला फोटो फरशीचा आला. दुसरा पंख्याचा. जनकाबाईंनी दोन्ही नीट पाहिले, तिसऱ्यासाठी खोलीभर नजर फिरवली आणि झोळीतून डोकावणाऱ्या गुड्डीवर आणून थांबवली.

"या चोट्टीचा काढतो. मशीन बंद पाडलं तिनं." त्यांनी मोबाइल डोळ्यांच्या पातळीवर धरला, मग खाली घेतला. "तू बी सरक तिच्यापाशी."

"माझा कशाला, मावशी? तुमच्या फोनमध्ये?"

"शिकाले. सरक म्हणतो ना. एकटं पोट्टं नको."

पुष्पांजली उठली, झोळीपाशी जाऊन खाली बसली. गुड्डीनं तिच्या गळ्यात हात टाकला. जनकाबाईंनी एक डोळा मिटला, करंगळी वर धरली. गिऱ्हाइकांना रोज 'हनुवटी थोडी वर घ्या, इकडं पाह्या' सांगणाऱ्या पुष्पांजलीला आपली हनुवटी कुठं ठेवावी ते कळेना.