ओठांतल्या टाचण्या

कंपनीत मी आयुष्यभर निरोपसमारंभाची भाषणं लिहिली. निघालेला माणूस कितीही खडूस असो, माझ्या भाषणात तो कष्टाळू आणि मनमिळाऊच असायचा. निवृत्त झाल्यावर मी अण्णांच्या, म्हणजे वडिलांच्या, आठवणी लिहायला बसलो. अण्णा शिंपी होते. पहिलं प्रकरण लिहून झालं तेव्हा मी स्वतःवरच इतका खूश झालो, की कागद घेऊन तडक थोरल्या बहिणीकडे गेलो.

"अण्णा अत्यंत कष्टाळू होते," मी वाचलं. "त्यांचं व्यक्तिमत्त्व प्रेमळ, परंतु शिस्तप्रिय होतं."

"कोणाबद्दल आहे हे?" ताईने विचारलं.

"अण्णांबद्दल."

"असं होय. मला वाटलं, तुमचे मॅनेजर."

मग मी लेखनकलेवरचं एक पुस्तक आणलं. त्यात म्हटलं होतं, वाचकाची पंचेंद्रियं जागी करा. मी केली. दुसऱ्या खर्ड्यात अण्णांच्या दुकानाला मशीनच्या तेलाचा, ओल्या कापडाचा, खडूचा आणि कुठून कोण जाणे, गुलाबाचाही वास यायला लागला.

"एवढे वास असते तर गिऱ्हाईक दारातूनच पळालं असतं," ताई म्हणाली. "आणि गुलाब कुठला रे? समोर गॅरेज होतं."

मी तोंड पाडून बसलो. ती पडद्याची कड दुमडत होती. "बसलायस तर हे टोक धर," ती म्हणाली आणि तिने टाचण्या ओठांत धरल्या. मी धरलं, ते अर्थातच वाकडं. तिने मिटल्या ओठांनीच दटावलं, "हं-हं-हं." आणि माझी ढेरी आत गेली, पाय जुळले. साठी उलटलेला मी शाळकरी पोरासारखा ताठ उभा.

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. तिने टाचण्या काढल्या.

"अण्णा असेच ओरडायचे," ती म्हणाली.

"राग आला की," तीच पुढे म्हणाली, "एकेक टाचणी काढून मनगटावर बांधलेल्या टाचण्यांच्या गादीत खोचायचे. तोंड मोकळं झालं की आपलं काही खरं नसायचं."

"पण शेवटच्या टाचणीपर्यंत राग निवायचा," मी म्हणालो.

"तुझ्यावरचा," ताई म्हणाली. "मी बोलणी खायचे."

"मग मानेवर हात ठेवायचे. सुईने खरखरीत झालेली बोटं. केसांत अडकायची."

"हे का नाही लिहिलंस?"

खरं म्हणजे, हे लिहिण्यासारखं आहे असं मला कधी वाटलंच नव्हतं.

घरी येऊन मी जुने कागद फाडले आणि टाचण्यांपासून सुरुवात केली. आठवडाभर झगडून आठ ओळी झाल्या. त्या फोनवर ताईला वाचून दाखवल्या.

"पुढे?" तिने विचारलं.

"एवढंच झालंय."

"आठवड्यात एवढंच?" ती म्हणाली. "बरं, परत वाच. सावकाश."